ग्रामीण ठाणे जिल्ह्यातील ध्वनिवर्धनाचा इतिहास आणि लघु कार्यशाळा : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील संगीताच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने गायक, घराणी, नाटक मंडळ्या आणि राजाश्रय यांच्या अंगाने झाले आहे. वाद्य घडविणाऱ्या कारागिरांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. आणि वाद्याचा आवाज मोठा करणारे यंत्र ज्यांनी जोडले, दुरुस्त केले, प्रसंगी स्वतः तयार केले, त्यांच्याकडे तर जवळजवळ गेलेच नाही. वस्तुतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रामीण समाजाच्या श्रवणात जो बदल घडला तो नव्या रागामुळे वा नव्या गायकामुळे घडलेला नाही. तो ध्वनिवर्धकामुळे, म्हणजेच लोकांच्या बोलीतील 'अ‍ॅम्प्लिफायर'मुळे घडला आहे. लग्नाची हळद, गणपतीची मिरवणूक, जत्रा, निवडणुकीची सभा आणि हरिनाम सप्ताह या सर्वांना या यंत्राने नवे रूप दिले.

प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांचा परिसर समोर ठेवून ध्वनिवर्धनाच्या इतिहासातील टप्प्यांचा विचार केला आहे. त्यातही खालच्या सुराचा, म्हणजे ज्याला आज सर्रास 'बास' म्हटले जाते त्याचा, वेगळा मागोवा घेतला आहे. बास गिटार, तिचा वर्धक आणि तिच्या नादात बदल घडविणारी उपकरणे ही बाहेरून आलेली. परंतु ती स्थानिक साधनांतून जोडण्याचे ज्ञान लहान कार्यशाळांनी आत्मसात केले. हे ज्ञान इतिहासाचा विषय ठरते काय, आणि ठरत असल्यास त्याची नोंद कोणी व कशी घ्यावी, हा या लेखाचा मुख्य प्रश्न होय.

१. परिसराची पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्यात शहापूर व मुरबाड हे दोन तालुके प्रामुख्याने ग्रामीण व डोंगराळ स्वरूपाचे आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या भागात कुणबी व आगरी समाजांबरोबरच ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली या आदिवासी समाजांची वस्ती आहे. मुरबाडच्या बाजूने नाणेघाट व माळशेज घाट देशावर जातात, तर शहापूरच्या बाजूने कसारा घाट नाशिककडे जातो. मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेला भरणारी खांबलिंगेश्वराची यात्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे.

आधुनिक तंत्रज्ञानाशी या परिसराचा संबंध प्रथम रेल्वेमुळे आला. मुंबई–ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली. १८५५ मध्ये ती वासिंदपर्यंत, १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ मध्ये घाट ओलांडून इगतपुरीपर्यंत पोहोचली. पुढे १९३० च्या सुमारास कल्याण–इगतपुरी मार्गाचे विद्युतीकरण झाले. या मार्गासाठी ठाकुर्लीजवळ रेल्वेचे स्वतंत्र वीजकेंद्र उभारण्यात आले होते. याचा अर्थ असा की, शहापूर तालुक्यातून विजेची गाडी धावू लागली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंच्या बहुसंख्य गावांत मात्र रॉकेलचा दिवा होता. तानसा तलाव याच तालुक्यातला. त्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईला जात आहे. पाणी व वीज दोन्ही गावावरून पुढे जातात आणि गावाला उशिरा मिळतात, हा या परिसराचा ऐतिहासिक अनुभव आहे. ध्वनिवर्धनाचा येथील इतिहास समजून घेताना हा अनुभव विसरून चालणार नाही. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाल्यानंतरच्या दोन-तीन दशकांत गावोगाव वीज पोहोचत गेली. तोपर्यंत यंत्राचा आवाज बॅटरीवरच अवलंबून होता.

२. विजेपूर्वीचा नाद

ध्वनिवर्धकापूर्वी या परिसरात मोठा आवाज नव्हता असे नाही. ठाकर समाजातील नाचांना ढोलाची साथ असते. वारली समाजातील तारपा हे वाद्य सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या व त्यांतील जिभल्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा यांपासून बनते. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो, त्यामुळे नाद अखंड राहतो. त्याच समाजातील घांगळी हे तंतुवाद्य बांबू व भोपळे यांपासून तयार होते. या सर्व वाद्यांचे वैशिष्ट्य असे की, वाद्याचा वर्धक वाद्यातच असतो. भोपळ्याची पोकळी आणि ताडपानांचा कर्णा हेच त्याचे ध्वनिवर्धन होय. वाद्य बनविणारा व वाजविणारा पुष्कळदा एकच असतो.

तारप्याच्या नाचात वादक मध्यभागी असतो व नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. वादकाने सुरावट बदलली की फेराची चाल बदलते. या रचनेला ध्वनिशास्त्रीय आधारही आहे. फेराचा व्यास तारप्याचा आवाज स्पष्ट ऐकू येण्याच्या अंतराने मर्यादित होतो. वादकाचा श्वास, वाद्याची क्षमता आणि समूहाचा आकार यांत एक नैसर्गिक प्रमाण राहते.

माणसाच्या आवाजाची मर्यादा म्हणजे समाजाच्या संघटनशक्तीची मर्यादा, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. ७ जानेवारी १९४५ रोजी कल्याणजवळील टिटवाळा येथे किसान सभेची परिषद झाली आणि त्याच वर्षी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव-डहाणू भागात गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. पाड्यापाड्यांतून तोंडी निरोपांनी माणसे जमत. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या समुदायावर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशीची गर्दीही निरोप व अफवा यांच्या जोरावरच जमली होती. म्हणून ध्वनिवर्धकाने ग्रामीण समाजाला 'आवाज दिला' असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल. आवाज होताच, ध्वनिवर्धकाने त्याचे अंतर, त्याची मालकी आणि त्याची किंमत बदलली.

३. भोंग्याचे युग

भारतात सार्वजनिक सभांतून ध्वनिवर्धक रुळला तो प्रामुख्याने स्वातंत्र्य चळवळीच्या काळात. मोटवाने कुटुंबाच्या कंपनीची 'शिकागो रेडिओ' ही नाममुद्रा त्या काळच्या सभांच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर दिसते. दिल्लीतील आहुजा रेडिओज ही कंपनी १९४० मध्ये सुरू झाली व पुढे तिचे वर्धक आणि कर्णे देशभर पोहोचले.

ग्रामीण भागात ध्वनिवर्धक आला तो कर्ण्याच्या रूपात; लोकांनी त्याला 'भोंगा' हे नाव दिले. भोंग्याचा स्वीकार इतक्या सहज होण्यामागे एक तांत्रिक कारण होते. कर्ण्याच्या आकारामुळे थोड्या शक्तीतून मोठा आवाज मिळतो. मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी थेट वापरल्यास ट्रान्झिस्टरच्या साध्या जोडणीतून ४ ओहमच्या स्पीकरला सिद्धान्ततः सुमारे साडेचार वॅट इतकीच शक्ती मिळू शकते. अधिक शक्तीसाठी ट्रान्सफॉर्मरची योजना करावी लागते. अशा वेळी कार्यक्षम भोंगा हेच परवडणारे साधन होते. बैलगाडीवर किंवा जीपवर बांधलेला भोंगा, बॅटरी आणि तबकडीयंत्र एवढ्या सामग्रीवर लग्न आणि सभा दोन्ही पार पडत.

परंतु भोंग्याला एक मर्यादा होती. त्या आकाराचा कर्णा साधारणतः काही शे हर्ट्झच्या खालचे ध्वनी नीट बाहेर टाकू शकत नाही. परिणामी भोंग्यातून शब्द दूरवर पोहोचले. सनईचा, क्लॅरिनेटचा वरचा सूर पोहोचला. पण ढोलाचा घुमारा आणि तंबोऱ्याचा खर्ज गळून पडला. दोन-तीन दशके ग्रामीण महाराष्ट्राने चित्रपटसंगीत ऐकले ते खालचा सूर वगळून ऐकले. त्या गाण्यांत खालचा सूर नव्हता असे नव्हे. राहुल देव बर्मन यांच्या वादकसंचात टोनी वाझ यांच्यासारखे बास गिटारवादक होते. चरणजित सिंग यांनीही बास गिटार व सिंथेसायझर वाजविले आणि १९८२ मध्ये जपानी यंत्रांवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात जे वाजले ते ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या गावात अर्धेच ऐकू येत होते.

४. बास गिटार व तिचा वर्धक : जागतिक पार्श्वभूमी

बास गिटारचा इतिहास हा आरंभापासूनच लहान कार्यशाळांचा इतिहास आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे पॉल टुटमार्क यांनी विजेवर चालणारी, आडवी धरून वाजविण्याची बास बनविली. तिचा प्रसार मात्र झाला नाही. १९५१ मध्ये लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या कंपनीने 'प्रिसिजन बास' बाजारात आणली आणि १९५२ मध्ये तिच्यासाठी 'बासमन' हा वर्धक आणला. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचे दुकान चालविणाऱ्या जिम मार्शल यांच्या दुकानात याच बासमनच्या मंडलावरून नवा वर्धक जोडला गेला. अमेरिकन भाग महाग व दुर्मीळ असल्यामुळे इंग्लंडमध्ये मिळणारे व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर वापरले गेले. त्यातून मूळ नादाहून वेगळा नाद निर्माण झाला व तोच पुढे जगप्रसिद्ध झाला.

नाद बदलणाऱ्या उपकरणांची कथाही अशीच आहे. १९६१ मध्ये नॅशव्हिल येथे एका गीताच्या ध्वनिमुद्रणात सहातारी बास वाजत असता यंत्रातील बिघाडामुळे सूर फाटून खरखरीत झाला. तो बिघाड काढून टाकण्याऐवजी तंत्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला आणि १९६२ मध्ये 'मॅस्ट्रो फझ-टोन' हे पायाने चालविण्याचे उपकरण विक्रीस आले. म्हणजे एकीकडे नक्कल व स्थानिक भाग, तर दुसरीकडे बिघाड व त्याचा उपयोग, या दोन प्रक्रियांतून हे क्षेत्र घडले. या दोन्ही प्रक्रिया आपल्याकडील दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या नित्य परिचयाच्या आहेत. पाश्चात्त्य देशांत त्यांना संशोधनाचा दर्जा मिळाला. आपल्याकडे त्यांना 'जुगाड' म्हणण्याची पद्धत आहे. हा भेद वस्तुस्थितीचा नसून नोंदीचा आहे.

५. बेंजो, कीबोर्ड आणि पेटी

ठाणे, रायगड व मुंबई परिसरातील आगरी, कोळी व इतर समाजांच्या हळदी-लग्नांत 'बेंजो पार्टी' हा प्रकार रुजला. येथे बेंजो म्हणजे अमेरिकन बॅंजो नव्हे, तर 'बुलबुल तरंग' हे टंकयंत्रासारख्या कळांचे तंतुवाद्य. त्याचे मूळ जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तयार केलेल्या 'ताइशोगोतो' या वाद्यात आहे. ते भारतात आले, स्वस्त असल्याने पसरले आणि कोकणपट्टीत त्याला पिकअप बसवून वर्धकाशी जोडण्यात आले. २०१६ मध्ये रवी जाधव दिग्दर्शित 'बॅंजो' हा हिंदी चित्रपट याच वादकांवर निघाला, यावरून त्याचे नागर रूप किती परिचित होते हे लक्षात येते.

बेंजोबरोबर ढोल, ताशा, पुढे कॅसिओ व तत्सम कीबोर्ड आणि १९८५ नंतर रोलँड कंपनीचा ऑक्टापॅड असा संच तयार झाला. या संचाला भोंगा अपुरा पडू लागला. कीबोर्डच्या डाव्या हाताचा सूर आणि ऑक्टापॅडचा खालचा ठोका ऐकू यायचा तर मोठ्या व्यासाचा स्पीकर व त्याला साजेशी लाकडी पेटी आवश्यक होती. काही संचांत बास गिटारही आली. जेथे ती आली नाही तेथे तिचे काम कीबोर्डने केले. अशा रीतीने भोंग्याची जागा पेटीने घेतली आणि जो खालचा सूर ग्रामीण श्रवणातून गळाला होता तो परत आला. मात्र परत येताना तो ढोलाच्या कातड्यातून न येता कागदी कोनातून आला.

पेटीमुळे सामाजिक रचनेतही बदल झाला. तारप्याचा फेर वर्तुळाकार. बेंजोची मिरवणूक रेषेत चालणारी. पुढे जनरेटर व पेट्या लादलेली गाडी, आणि तिच्या पुढे नाचणारे. वादक मध्यभागी राहिला नाही, तो गाडीवर चढला. आणि ध्वनिमुद्रित संगीताच्या 'डीजे'च्या काळात तर वादकाची गरजही उरली नाही. तरीही बेंजो पार्टीने ग्रामीण तरुणांना वादक म्हणून उत्पन्नाचे साधन दिले, ही बाब दुर्लक्षिता येणार नाही.

६. कार्यशाळेतील ज्ञान

या संचांना लागणारे वर्धक सर्वच नामांकित कंपन्यांचे नव्हते. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, येथील बाजारातून सुटे भाग आणून 'असेंबल' केलेले वर्धक स्वस्त पडत. कल्याणजवळील जुन्या लष्करी छावणीच्या जागी १९४९ मध्ये वसलेले उल्हासनगर हेही लघुउद्योगांचे मोठे केंद्र बनले. कसाऱ्याहून लोकल गाडीने आणि मुरबाडहून एस.टी.ने कल्याण गाठता येत असल्यामुळे या दोन्ही बाजारांशी शहापूर–मुरबाडचा संबंध सोपा होता. १९६९ मध्ये सुरू झालेल्या 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' सारख्या नियतकालिकांतील मंडले, रेडिओ मेकॅनिकचे अभ्यासक्रम आणि गुरूच्या हाताखालची उमेदवारी हे ज्ञानाचे तीन स्रोत होते.

अशी कार्यशाळा म्हणजे बहुधा दहा-बारा फुटांची खोली. एका भिंतीला दुरुस्तीस आलेले वर्धक, टेबलावर सोल्डरिंगची इस्त्री, मीटर आणि डब्यांतून वर्गवारी केलेले रेझिस्टर व कपॅसिटर. कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याचे हातयंत्र. बाह्यतः साध्या दिसणाऱ्या या कामात नेमके कोणते ज्ञान असते, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण कपॅसिटरचे. साध्या गिटारचा सर्वांत खालचा सूर सुमारे ८२ हर्ट्झ, तर बास गिटारचा सुमारे ४१ हर्ट्झ असतो. गिटारसाठीच्या एखाद्या उपकरणात प्रवेशाच्या ठिकाणी ०.०१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणि पुढे १०० किलोओहमचा रोध असेल, तर सुमारे १५९ हर्ट्झच्या खालचे ध्वनी क्षीण होत जातात. बासचा खालचा सूर त्यातून जेमतेम एक चतुर्थांश उरतो. तेथे ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर बसविला की ही मर्यादा सुमारे १६ हर्ट्झपर्यंत खाली येते व सूर जवळजवळ संपूर्ण पार होतो. काही पैशांच्या किंवा फार तर रुपया-दोन रुपयांच्या सुट्या भागाने गिटारचे उपकरण बासचे होते. कारागीर हे सूत्र कागदावर मांडतोच असे नाही. परंतु कोणता भाग बदलल्याने 'पोट भरते', हे त्याला पक्के ठाऊक असते.

दुसरे उदाहरण पेटीचे. तितकाच आवाज एक सप्तक खाली मिळवायचा तर स्पीकरच्या कोनाला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. म्हणून खालच्या सुरासाठी मोठा कोन, भरपूर शक्ती आणि योग्य घनफळाची पेटी लागते. पेटी व तिच्या तोंडाचे गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात मांडले. ते ज्यांच्यापर्यंत पोहोचले नाही त्या सुतारांनी व मेकॅनिकांनी चुकत-माकत, कान लावून, प्लायवूड कापून तेच उत्तर शोधले. तारप्याला योग्य भोपळा निवडणारा वादक आणि पेटीचे तोंड कापणारा सुतार यांच्या ज्ञानाची जात एकच आहे. दोघेही पोकळीचे गणित कानाने सोडवितात.

ट्रान्झिस्टरबाबतही असेच म्हणता येते. १९६० च्या दशकात अमेरिकेत प्रचलित झालेला '२एन३०५५' हा शक्तिशाली ट्रान्झिस्टर भारतात वर्षानुवर्षे अशा वर्धकांचा आधार होता. तो तापतो, म्हणून त्याला अ‍ॅल्युमिनियमचा मोठा पत्रा लागतो; वीजदाब वरखाली होतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर थोडा जड गुंडाळावा लागतो; पावसात मिरवणूक निघते, म्हणून पेटीला जाळी व कोपऱ्यांना पत्रा लागतो. गावाची वीज, हवामान आणि उत्सव यांचा ठसा असा यंत्राच्या रचनेवर उमटतो.

आज या परंपरेचे नागर व निर्यातक्षम रूपही दिसते. मुंबईतील 'अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन' ही लहान कार्यशाळा गिटार व बाससाठी नाद बदलणारी उपकरणे हाताने तयार करते आणि तिचे नाव परदेशातील वादकांनाही परिचित आहे. अशा कार्यशाळेला स्वतःची नाममुद्रा, इंग्रजी भाषा आणि जागतिक ग्राहक लाभतो. तालुक्याच्या गावातील कारागिराकडे मंडलाचे ज्ञान असते, परंतु या तीन गोष्टी नसतात. दोघांमधील अंतर कौशल्यापेक्षा भांडवल व ओळख यांचे अधिक आहे.

७. कायदा, मोजमाप आणि उपजीविका

ध्वनिवर्धनाचा इतिहास एकांगी गौरवाने लिहिता येणार नाही. वाढत्या आवाजाने वृद्ध, रुग्ण, विद्यार्थी यांना होणारा त्रास वास्तव आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये लागू झाले. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकास बंदी, ही त्यांची मुख्य सूत्रे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर विस्तृत निर्णय दिला. ऑगस्ट २०१६ मध्ये ठाण्यातील डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने अंमलबजावणीचे कडक आदेश दिले. २०१८ च्या गणेशोत्सवात डीजेवरील बंदी उठविण्याची व्यावसायिकांच्या संघटनेची मागणी उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. त्या प्रकरणात एका बाजूला शांततेचा हक्क व दुसऱ्या बाजूला उपजीविकेचा हक्क असा पेच उभा होता.

या पेचात खालच्या सुराचे स्थान विशेष आहे. कायद्यातील मर्यादा 'ए-भारित' डेसिबलमध्ये दिलेल्या आहेत. मानवी कानाची खालच्या ध्वनींविषयीची मंद संवेदना लक्षात घेऊन या मापनपद्धतीत ४० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे ३४ ते ३५ डेसिबल वजा होतात. हळू आवाजासाठी ही वजाबाकी योग्य आहे. मोठ्या आवाजात मात्र कान खालचा सूर पुष्कळच अधिक ग्रहण करतो आणि शरीरही त्याचे कंपन अनुभवते. छाती हादरते, भांडी वाजतात, पण मापकावरील आकडा त्या प्रमाणात चढत नाही. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ८.३ मीटर असल्याने घराची भिंत तिला फारसे अडवीत नाही. 'सी-भारित' पद्धतीत हीच वजाबाकी केवळ २ डेसिबलच्या आसपास असते. याचा अर्थ, ज्या आवाजाविरुद्ध लोकांची तक्रार सर्वाधिक असते तोच आवाज प्रचलित मोजमापातून निसटतो. आणि दुसरीकडे, मध्यम सुरातील बेंजो किंवा ताशा वाजविणारा गरीब वादक त्याच मोजमापात सहज सापडतो. नियम सर्वांना सारखा असला तरी मापकाचा कान सर्वांना सारखा नाही. कायद्याचा हेतू मान्य करूनही हा भेद नोंदविणे आवश्यक आहे.

८. इतिहासलेखनापुढील प्रश्न

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एकोणिसाव्या शतकात शिकलगार कुटुंबातील फरीदसाहेबांसारख्या शस्त्रे घडविणाऱ्या कारागिरांनी संस्थानिकांच्या प्रोत्साहनाने तंतुवाद्यांकडे वळून निर्माण केलेली ही परंपरा आहे. तिचा यथोचित गौरव झाला. परंतु या उदाहरणातून एक तुलनाही सुचते. तलवार घडविणारा हात सतारीकडे वळला तो परंपरा ठरला. रेडिओ दुरुस्त करणारा हात वर्धकाकडे वळला तो केवळ धंदा ठरला. भोपळा व लाकूड यांना वारसा मानणे आणि तांबे व सिलिकॉन यांना न मानणे, यामागे कोणतेही तर्कशुद्ध कारण नाही. वर्धकाला न राजाश्रय होता, न संग्रहालय आहे.

दरम्यान हे ज्ञान झपाट्याने मागे पडत आहे. तयार 'क्लास-डी' वर्धकपट्ट्या अल्प किमतीत आयात होतात. त्या हलक्या व कार्यक्षम असतात, पण बिघडल्यास बहुधा दुरुस्त होत नाहीत, बदलल्या जातात. ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याची कला त्यामुळे अनावश्यक ठरत आहे. भोंग्याच्या व व्हॉल्व्हच्या काळात काम शिकलेली पिढी आज वृद्ध आहे. तिच्याबरोबर हाताने काढलेली मंडले, बिलबुके, सुपारी ठरल्याच्या नोंदवह्या आणि यंत्रांचे नमुने नाहीसे होण्याचा धोका आहे. ही साधने शासकीय दप्तरात सापडणार नाहीत, कारण ती तेथे कधी गेलीच नाहीत.

या दृष्टीने ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास विभागांवर विशेष जबाबदारी येते. मौखिक इतिहासाच्या पद्धतीने कारागीर, बेंजोवादक, मंडपवाले व ध्वनिव्यवस्था भाड्याने देणारे यांच्या मुलाखती घेणे. जुन्या यंत्रांची छायाचित्रे, मापे व मंडले नोंदविणे. तसेच पदार्थविज्ञान व इलेक्ट्रॉनिक्स विभागांच्या साहाय्याने त्यांचा अर्थ लावणे, हे काम अल्प खर्चात होऊ शकते. विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरात किंवा गावात अशी व्यक्ती असते. केवळ इतिहासाच्या अभ्यासकाला मंडल वाचता येत नाही व केवळ विज्ञानाच्या अभ्यासकाला त्यामागचा समाज दिसत नाही. म्हणून हा विषय खऱ्या अर्थाने आंतरविद्याशाखीय आहे.

निष्कर्ष

१. शहापूर–मुरबाड परिसरातील ध्वनिवर्धनाचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात : वाद्यातच वर्धक असलेला विजेपूर्व काळ, शब्द दूर नेणारा पण खालचा सूर गाळणारा भोंग्याचा काळ, आणि खालचा सूर परत आणणारा पेटीचा काळ.

२. प्रत्येक टप्प्यात तंत्रज्ञानाबरोबर समूहाची रचना बदलली. फेरापासून मिरवणुकीपर्यंतचा प्रवास हा केवळ रुचीचा नव्हे, तर नादाच्या पल्ल्याचा व मालकीचाही इतिहास आहे.

३. बास गिटारचे वर्धक व उपकरणे यांचा जागतिक इतिहास हा नक्कल, स्थानिक भाग आणि दुरुस्ती यांतून घडलेला आहे. आपल्याकडील लघु कार्यशाळांचे काम त्याच प्रक्रियेचा भाग असून त्याला गौण मानण्याचे कारण नाही.

४. ध्वनिप्रदूषणाचे नियम आवश्यक आहेत. मात्र खालच्या सुराचे मोजमाप त्यांत अपुरे होते व त्याचा भार विषम पडतो.

५. या क्षेत्रातील ज्ञान अलिखित आहे आणि ते धारण करणारी पिढी वृद्ध झाली आहे. त्याची नोंद येत्या काही वर्षांत झाली नाही, तर ग्रामीण महाराष्ट्राने आपला आवाज कसा घडविला हे पुढील अभ्यासकांना केवळ कंपन्यांच्या जाहिरातींवरून आणि न्यायालयांच्या निकालांवरून ठरवावे लागेल. त्या दोन्हींत कारागिराचे नाव आढळत नाही.